माठ वाजवून घेता, मग पूल का नाही? थरथरीवरून बीमचा तडा कसा ओळखतात, वाचा सविस्तर

उन्हाळ्यात आठवडी बाजारात माठ घ्यायला गेलेली बाई आधी माठाला टिचकी मारते. खणखणीत वाजला तर भाव विचारते, बद्द वाजला तर खाली ठेवते. माठाला गेलेली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही, पण कानाला लगेच कळते. पूर्वी रेल्वे स्टेशनवर गाडी थांबली की एक कर्मचारी हातोडी घेऊन चाकांवर ठोके देत जायचा. चाक तडकलेलं असेल तर आवाज बदलायचा.

गावच्या नदीवरचा पूल, शाळेच्या स्लॅबखालचा बीम, पाण्याच्या उंच टाकीचे खांब यांनाही असं वाजवून पाहता येतं का? येतं. फरक एवढाच, की इथे टिचकीऐवजी जाणाऱ्या ट्रकचा धक्का असतो आणि कानाऐवजी यंत्र असतं. ही कंपन तपासणी नेमकं काय सांगते, कुठे कमी पडते आणि गावकऱ्यांनी याबाबत कोणाला काय विचारायचं, ते समजून घेऊ.

प्रश्न जीवाचा आहे

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री रायगड जिल्ह्यात महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. मुंबई-गोवा महामार्गावरच्या या पुलावर तोपर्यंत वाहतूक सुरूच होती. दोन एसटी बस प्रवाशांसह नदीत गेल्या. 15 जून 2025 रोजी पुणे जिल्ह्यातल्या मावळ तालुक्यात कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांची गर्दी असताना कोसळला. त्यात चौघांचा जीव गेला.

दोन्ही घटना वेगळ्या, कारणंही वेगळी. पण दर पावसाळ्यात नदीकाठच्या प्रत्येक गावाला पडणारा प्रश्न एकच आहे. आपला पूल वरून तर ठीक दिसतो, आतून तो किती थकलाय हे कसं कळणार?

प्रत्येक वस्तूचा स्वतःचा सूर

स्टीलची पट्टी घ्या. अर्धी टेबलावर दाबून धरा, अर्धी बाहेर ठेवा आणि टोकाला बोट मारून सोडा. पट्टी थरथरते. जास्त लांब बाहेर काढली तर सावकाश हलते, आखूड ठेवली तर भराभर हलते आणि आवाज चढतो. बोट हळू मारा की जोरात, हलण्याचा वेग जवळपास तोच राहतो. झटका मोठा असेल तर पट्टी जास्त लांबवर हलेल एवढंच.

सेकंदाला किती वेळा हलली, त्या आकड्याला वारंवारता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. सेकंदाला पाच वेळा हलली तर 5 हर्ट्झ. धक्का दिल्यावर कोणतीही वस्तू ज्या वेगाने आपलीआपण थरथरते, ती तिची नैसर्गिक वारंवारता. साध्या भाषेत, तो तिचा सूर.

पुलालाही असा सूर असतो. 25 ते 30 मीटरच्या गाळ्याचा साधा काँक्रीटचा पूल साधारण सेकंदाला चार-पाच वेळा वरखाली होतो. हे हलणं इतकं बारीक असतं की गाडीतल्या माणसाला सहसा जाणवत नाही. आणि माणसाच्या कानाला सुमारे 20 हर्ट्झच्या खालचा आवाज ऐकूच येत नाही. म्हणून पुलापाशी कान लावून काही उपयोग नाही. तिथे सेन्सर लावावे लागतात. ट्रक गेला, वारा आला, की पूल थरथरतो. सेन्सर ती थरथर टिपतो आणि कॉम्प्युटर त्यातून सूर वेगळा काढतो.

तडा गेला की सूर का उतरतो?

यात दोनच गोष्टी महत्त्वाच्या. एक म्हणजे ताठरपणा आणि दुसरी म्हणजे वजन. ताठरपणा जास्त तर सूर वर, वजन जास्त तर सूर खाली.

टेम्पोचं उदाहरण घ्या. पाट्याचं एखादं पान तुटलं की माल तेवढाच असूनही गाडी खड्ड्यात जास्त दबते आणि सावकाश डुलते. ड्रायव्हरला खाली वाकून न पाहताही कळतं की पाट्याचं काहीतरी बिघडलंय. बीमला तडा गेला तरी असंच होतं. बीमचं वजन कमी होत नाही, पण तडा गेलेल्या जागी तो सहज वाकतो. ताठरपणा घटतो आणि सूर उतरतो.

पण किती उतरतो? इथे एक मेख आहे. वारंवारता ताठरपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे संपूर्ण बीमचा ताठरपणा 10 टक्क्यांनी घटला, तर सूर फक्त 5 टक्क्यांच्या आसपास उतरतो. 5 हर्ट्झचा पूल 4.75 वर येतो. आणि एखाद्या बारीक तड्याने पूर्ण बीमचा ताठरपणा 10 टक्के कमी होतच नाही, त्याहून फार थोडा होतो. म्हणून मोजमाप बारीक हवं आणि जपून वाचायला हवं.

तडा कुठे आहे, हेही कळतं का?

बऱ्याच अंशी कळतं. दोन मुलांनी कासऱ्याची दोन टोकं धरून तो हलवला, तर आधी पूर्ण कासरा एका कमानीत वरखाली होतो. जरा जोरात हलवला की त्याच्या दोन कमानी होतात. एक वर गेली की दुसरी खाली. गंमत म्हणजे तेव्हा बरोबर मधला बिंदू जागेवरच राहतो. बीमही असाच एकाच वेळी अनेक प्रकारे थरथरतो आणि प्रत्येक प्रकाराचा सूर वेगळा असतो.

आता दोन टोकांवर टेकलेल्या बीमला बरोबर मध्ये तडा गेला असं समजा. पहिल्या प्रकारात बीम मध्येच सर्वांत जास्त वाकतो, म्हणून पहिला सूर चांगलाच उतरतो. दुसऱ्या प्रकारात मधला भाग वाकतच नाही, म्हणून दुसऱ्या सुराला तडा असल्याचं जवळपास कळत नाही. तडा टोकापासून पाव अंतरावर असेल तर उलट होतं. दुसरा सूर जास्त उतरतो, पहिला कमी. कोणता सूर किती उतरला हे एकमेकांशी ताडून पाहिलं की तड्याच्या जागेचा अंदाज येतो.

इथेही एक अडचण आहे. बीम दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर तडा डावीकडच्या पाव अंतरावर आहे की उजवीकडच्या, हे नुसत्या सुरावरून ओळखता येत नाही. दोन्हीकडून उत्तर सारखंच येतं. त्यासाठी जागोजागी सेन्सर लावून बीम कुठे किती हलतो याचा आकारही पाहावा लागतो.

हा प्रयोग शाळेतही करता येईल. दोन सारख्या लाकडी फूटपट्ट्या घ्या. शिक्षकांच्या देखरेखीखाली एका पट्टीला टेबलाच्या कडेजवळ, म्हणजे मुळाशी, अर्ध्याहून जास्त रुंदीचा काप द्या. दुसरीला तसाच काप बाहेरच्या टोकाजवळ द्या. दोन्ही सारख्याच बाहेर काढून वाजवा. मुळाशी कापलेलीचा आवाज खाली आलेला असेल. टोकाशी कापलेलीत फारसा फरक नसेल. काप तेवढाच आहे, पण तो कुठे आहे यावर सगळं ठरतं.

गर्डर मुद्दाम कापला, तरी सूर हलेना

ही पद्धत खऱ्या पुलावर कितपत चालते, हे पाहण्यासाठी अमेरिकेत 1993 मध्ये एक प्रयोग झाला. न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्की शहराजवळ रिओ ग्रांदे नदीवरचा महामार्गाचा पूल पाडायचाच होता. पाडण्याआधी त्याचा एक पोलादी गर्डर गॅस कटरने चार टप्प्यांत मुद्दाम कापण्यात आला आणि प्रत्येक टप्प्यानंतर पुलाची थरथर मोजली.

गर्डर सुमारे तीन मीटर उंचीचा होता. पहिला काप त्याच्या मधोमध, सुमारे 60 सेंटीमीटरचा. दुसऱ्या टप्प्यात तो खालपर्यंत वाढवला. तिसऱ्या टप्प्यात खालची जाड पट्टी अर्धी कापली आणि चौथ्यात ती पूर्ण कापली. आकडे काय आले? कापण्याआधी पहिला सूर 2.48 हर्ट्झ होता. पहिल्या दोन टप्प्यांत तो उतरला तर नाहीच, उलट 2.52 झाला. तिसऱ्यात 2.46 आणि चौथ्यात, म्हणजे गर्डर खालून पूर्ण तुटल्यावर, 2.30 झाला.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. 1.8 मीटरच्या आसपास लांबीचा काप असतानाही पुलाच्या सुरावरून काहीच कळलं नाही. मधे जो थोडा चढला, तो हवामानातल्या बदलामुळे असावा असं मानलं गेलं. म्हणजे ‘यंत्राने पास केलं, आता पूल शंभर टक्के सुरक्षित’ असं कोणी म्हणत असेल तर त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये.

ऊन, थंडी, डांबर सगळ्यांनीच सूर बदलतो

दुसरा धडा स्वित्झर्लंडचा. तिथल्या झेड-24 नावाच्या काँक्रीट पुलावर 1997-98 मध्ये जवळपास वर्षभर सेन्सर ठेवले होते. हाही पूल नंतर पाडायचा होता. थंडीत पारा शून्याखाली गेला की पुलाचा सूर चक्क वर जायचा, कारण रस्त्याचं डांबर गोठून कडक व्हायचं आणि पुलाचा ताठरपणा वाढायचा. पुलाला काहीही झालेलं नसताना आकडा बदलत होता. पुढे खांब थोडा खचवून, आतल्या तारा कापून मुद्दाम नुकसान केलं आणि त्या नोंदी वर्षभराच्या नोंदींशी ताडल्या. हवामानाचा परिणाम आधी कळला होता, म्हणून नुकसानीचा परिणाम वेगळा काढता आला.

आपल्याकडे डांबर गोठत नाही. पण सकाळचा गारवा आणि दुपारचं कडक ऊन यांतही फरक पडतो. शिवाय जुन्या डांबरावर नवा थर, त्यावर आणखी एक थर, असं वजन वाढत गेलं तर तडा नसतानाही सूर उतरतो. सांध्यात माती-खडी अडकून पूल जखडला गेला तर तो चढतोही. म्हणून सेन्सरचा आकडा एकटा वाचायचा नसतो. त्या दिवशीचं तापमान, पुलावरचा भार आणि मधे झालेली कामं सोबत पाहावी लागतात.

आणखी एक गोष्ट. काही पुलांमध्ये पोलादी तारा ताणून काँक्रीट दाबून ठेवलेलं असतं. अशा पुलात तडा गेला तरी तारा तो मिटवून धरतात. मिटलेला तडा सुरात फारसा दिसत नाही. तारा गंजून ढिल्या होईपर्यंत आकडा ठीकच येत राहू शकतो. त्यामुळे कंपन तपासणी ही डोळ्यांनी करायच्या पाहणीला पर्याय नाही, जोड आहे.

जुनी फाईल नसेल तर डॉक्टर काय सांगणार?

सगळ्यात कळीचा मुद्दा इथे आहे. आज पुलाचा सूर 4.6 हर्ट्झ आला, तर तो चांगला की वाईट? नुसत्या आकड्यावरून सांगणं अवघड. मागे चांगल्या अवस्थेत तो 5 होता हे माहीत असेल, तर मात्र काळजीचं कारण आहे. बीपीच्या पेशंटची जुनी फाईल डॉक्टर आधी मागतात, ते याचसाठी.

म्हणून नवा पूल वाहतुकीला खुला करतानाच त्याची पहिली नोंद घेऊन ठेवावी, असं या पद्धतीतलं मूळ सूत्र आहे. जुन्या पुलाची नोंद कधीच झाली नसेल, तर आजची नोंद ही पहिली समजून पुढे दर वर्षी त्याच ऋतूत, साधारण त्याच वेळी मोजत राहायचं. मोठी दुरुस्ती, मोठा पूर किंवा भूकंपाचा धक्का यानंतर लगेच पुन्हा मोजायचं. एकदा मोजून कागद कपाटात ठेवला तर पैसे वाया गेले म्हणायचं.

पुराच्या बाबतीत ही पद्धत आणखी एका ठिकाणी कामाला येते. पुराचं पाणी खांबाच्या पायाजवळची वाळू-माती ओढून नेतं. वरून काही दिसत नाही, पण खांबाची पकड सुटते आणि त्याचाही सूर उतरतो. जपानमध्ये रेल्वे पुलांच्या खांबांना दोरीला टांगलेल्या सुमारे 30 किलोच्या वजनाने ठोका देऊन त्यांची थरथर मोजतात आणि पाया उघडा पडलाय का याचा अंदाज घेतात. माठाला टिचकी, खांबाला ठोका. तत्त्व तेच.

हातातला फोन काय करू शकतो?

फोन आडवा केला की स्क्रीन फिरते, कारण फोनमध्ये हालचाल ओळखणारा छोटा सेन्सर असतो. फायफॉक्ससारख्या मोफत अ‍ॅपमध्ये त्याच्या नोंदी दिसतात. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या गोल्डन गेट पुलावरून जाणाऱ्या गाड्यांमधल्या स्मार्टफोनच्या नोंदी एकत्र करून पुलाचे सूर काढण्यात आले. त्यासाठी एक फेरी पुरली नाही, बऱ्याच फेऱ्यांची माहिती एकत्र करावी लागली.

त्यामुळे पुलावर फोन ठेवून ‘आपला पूल चांगला आहे’ किंवा ‘पडणार आहे’ असा मेसेज ग्रुपवर टाकू नका. दोन्ही अफवाच ठरतील. आणि धोकादायक पुलावर व्हिडिओसाठी तर अजिबात जाऊ नका. फोनचा खरा उपयोग आहे तो तारखेसह फोटो काढून ठेवण्याचा.

गावकऱ्यांनी काय करावं?

1. तडा दिसला तर सुरक्षित जागेवरून त्याचा फोटो काढा. हात पोहोचत असेल तर शेजारी नाणं किंवा पट्टी धरा, म्हणजे रुंदी कळेल. घर, शाळा, समाजमंदिर यांच्या भिंतीवर किंवा बीमवर तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. महिन्याने तडा खुणेच्या पुढे गेला असेल तर तो वाढतोय.

2. काँक्रीटच्या बीमला केसासारख्या बारीक रेघा असतात, त्या सगळ्याच धोक्याच्या नसतात. पण तडा रुंदावत असेल, त्यातून गंजाचे तांबूस डाग येत असतील, सळया उघड्या पडल्या असतील, बीम मध्ये झुकला असेल, खांब कलला असेल किंवा पुलाच्या सांध्यातली फट अचानक वाढली असेल, तर थांबू नका. ग्रामपंचायत आणि बांधकाम विभागाला लेखी कळवा, पोहोच घ्या.

3. पूल कोणाच्या ताब्यात आहे ते आधी शोधा. सार्वजनिक बांधकाम विभाग की जिल्हा परिषद? बरेच अर्ज चुकीच्या टेबलावर जाऊन पडतात.

4. ग्रामसभेत हे प्रश्न विचारा. पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट शेवटचं कधी झालं? अहवालात काय लिहिलंय? पाण्याखालच्या पायाची तपासणी झाली का? कंपनाची नोंद कधी घेतली आहे का, आणि ती मागच्या नोंदीशी ताडली का?

5. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकार कायदा 2005 नुसार 10 रुपये शुल्कासह अर्ज करून अहवालाची प्रत मागता येते. 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

6. पूल बंद केला असेल तर तो खरंच बंद ठेवा. आठ-दहा किलोमीटरचा वळसा नको म्हणून दगड बाजूला सारून दुचाकी घालणारे गावातलेच असतात. कुंडमळ्याचा पूल धोकादायक असल्याची चर्चा दुर्घटनेआधीच होती, तरी लोक त्यावर जमले. तडा कितीही चांगल्या यंत्राने शोधला, तरी त्या माहितीवर कोणी थांबलं नाही तर ती शोधून फायदा नाही.

माठ बद्द वाजला तर बाजारातली बाई दुसरा उचलते. गावाला पूल असा बदलता येत नाही. म्हणून पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत पुलाचा विषय लेखी मांडा आणि त्याचा शेवटचा अहवाल सगळ्यांसमोर वाचून दाखवायला सांगा.